घरातील स्मार्ट उपकरणांचा ताबा कुटुंबात कसा वाटून द्यावा?

प्रश्न : गोरेगाव पूर्वेचा रहिवासी

नमस्कार. आम्ही गोरेगाव पूर्वेला नवव्या मजल्यावर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात मी, माझी पत्नी, आई-बाबा आणि आठवीतली मुलगी अशी पाच माणसे आहेत. शिवाय सकाळी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आणि दुपारी धुणीभांडी करणाऱ्या ताई यांची रोजची ये-जा असते. गेल्या दीड-दोन वर्षांत एकेक करत बरीच स्मार्ट उपकरणे घरात आली. मुख्य दाराला बोटाच्या ठशाने किंवा आकडे दाबून उघडणारे कुलूप आहे, दिवाणखान्यात कॅमेरा आहे, गिझरचा स्विच, वायफायने जोडलेले दोन एसी, काही दिवे आणि तोंडी सांगितलेले ऐकणारा स्पीकर आहे. ही सगळी मांडामांड मी एकट्याने केल्यामुळे सर्व काही माझ्या खात्यावर आणि माझ्याच मोबाइल क्रमांकावर नोंदले गेले. पत्नीला गरज पडली तेव्हा मी तिला माझाच पासवर्ड दिला आणि दिवाणखान्यातल्या जुन्या टॅबवरही तेच खाते उघडून ठेवले.

गेल्या काही महिन्यांत तीन प्रसंग घडले आणि ही व्यवस्था चुकीची असल्याची माझी खात्री पटली.

मे महिन्यातल्या एका दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या मी अ‍ॅप उघडले, तर बाबांच्या खोलीतला एसी सकाळपासून चालू दिसला. त्या वेळी ते सहसा खाली कट्ट्यावर असतात, म्हणून खोली रिकामी समजून मी तो बंद केला. त्या दिवशी बाबा बरे वाटत नव्हते म्हणून आत झोपले होते. घामाने डबडबून ते उठले आणि त्यांनी रिमोटने एसी पुन्हा लावला. दहा मिनिटांनी मला तो पुन्हा चालू दिसला, आणि मुलीने चालू ठेवला असेल असे वाटून मी दुसऱ्यांदा बंद केला. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाबांनी रिमोटचे दोन्ही सेल काढून टेबलावर ठेवले होते, रिमोटमधली स्प्रिंग कापडाने पुसून घेतली होती, आणि नवे सेल आणायला ते मला सांगत होते. मी खरे काय ते सांगितले. त्यावर ते इतकेच म्हणाले, "खोलीत मी आहे की नाही, हे तुला तिकडून कसं कळणार?" त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरा प्रसंग जुलैमधला आहे. मी विमानात होतो. आई पावसातून भिजून आली, ओल्या बोटाचा ठसा कुलूप घेईना आणि घाबरल्यामुळे तिला आकडाही आठवेना. पत्नीने कचेरीतून दार उघडायचा प्रयत्न केला, पण तिचा फोन नवा असल्यामुळे अ‍ॅपने पुन्हा लॉगिन मागितले आणि त्याचा ओटीपी माझ्या बंद फोनवर आला. कुलपाची जादा किल्ली घरात कपाटाच्या खणात होती. आई पावणेदोन तास शेजारच्या काकूंकडे ओल्या साडीत बसून राहिली.

तिसरा प्रसंग ताईंचा. त्यांनी दोन दिवस रजा घेतली आणि आमचे काम अडू नये म्हणून बहिणीला पाठवले. तिने स्वतः आकडे दाबून दार उघडले. तिने काम नीट केले आणि ताईंचा हेतूही चांगलाच होता. परंतु तो आकडा आमच्या पाचही जणांचा आहे, आणि तो आता आणखी किती जणांना ठाऊक आहे हे मला सांगता येणार नाही.

घरातल्या प्रत्येकाला आपल्या वाट्याचे नियंत्रण मिळावे, कोणी अडकून पडू नये, आणि तरीही दार व कॅमेरा यांसारख्या गोष्टी सुरक्षित राहाव्यात, यासाठी जाणकारांनी काय केले आहे? कॅमेऱ्याबद्दल पत्नीचीही नाराजी आहे, तिच्याविषयीही कृपया लिहावे.

उत्तर : मुलुंडचा तंत्रज्ञ

आपण मोकळेपणाने लिहिलेत हे फार चांगले झाले. नेटवर्क आणि कॅमेरे बसवण्याच्या कामानिमित्त मी अनेक घरांत जातो आणि बहुतेक ठिकाणी हीच स्थिती असते : हौसेने सगळे जमवणारा एक जण असतो आणि बाकीचे त्याच्या पासवर्डावर चालतात.

तुमच्या अडचणींचे मूळ एक खाते अनेकांनी वापरण्यात आहे. अशा खात्यावर कोणी काहीही केले तरी नोंदीत नाव तुमचेच येते. एका माणसाचा प्रवेश थांबवायचा झाला तर सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो. आणि त्याच खात्यावर तुमची ईमेल, छायाचित्रे किंवा पैशांचे व्यवहार असतील, तर दिवा लावण्यासाठी दिलेल्या पासवर्डाने तेही उघडे पडते. दिवाणखान्यातल्या टॅबची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तो हातात घेणारा कोणीही अ‍ॅपच्या दृष्टीने तुम्हीच असतो. तो कुलपात नवा माणूस नोंदवू शकतो आणि कॅमेऱ्याचे चित्रण पुसूही शकतो.

म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे काढा आणि अ‍ॅपमधून रीतसर आमंत्रण पाठवून त्यांना घरात सामील करा. प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी आहे. गूगल होममध्ये प्रशासक आणि सदस्य अशा दोन पातळ्या आहेत. सदस्याला उपकरणे चालवता येतात, मात्र सेटिंग बदलण्याची आणि घरातल्या हालचालींच्या नोंदी पाहण्याची परवानगी त्याला वेगळी द्यावी लागते. अ‍ॅपलच्या होममध्ये घराचा मालक एकच असतो आणि तो इतरांना बोलावतो; घराबाहेरून नियंत्रण करता यावे की नाही आणि नवी उपकरणे जोडता यावीत की नाही, हे प्रत्येक व्यक्तीसाठी ठरवता येते. २०२४ मधल्या आयओएस १८ या आयफोनच्या प्रणालीपासून तिथे पाहुण्यांसाठीही सोय झाली असून ठरावीक वार आणि वेळ घालून दाराचे कुलूप कोणाला उघडू द्यायचे ते नेमता येते. आपल्याकडच्या अनेक स्वस्त प्लगांमागे आणि दिव्यांमागे जे स्मार्ट लाइफ अ‍ॅप असते, त्यात मालक, प्रशासक आणि साधा सदस्य अशी विभागणी आहे. अलेक्सा मुळात एका अ‍ॅमेझॉन खात्याभोवती उभी आहे, त्यामुळे तिच्यात इतकी बारीक वाटणी होत नाही आणि स्पीकरसमोर उभा राहून बोलणाऱ्याचे ती ऐकते. म्हणून स्पीकरला कुलूप जोडू नका. जोडलेच असेल तर उघडण्यासाठी तोंडी पिन सांगण्याची अट तरी चालू ठेवा, आणि हा स्पीकर खिडकीपाशी किंवा दाराजवळ ठेवू नका.

तुमच्या पत्नीला त्यांच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकासह प्रशासक करा. घरात कायम दोन माणसे अशी असावीत की एकाचा फोन हरवला, सिम बंद पडले किंवा तो विमानात असला तरी दुसऱ्याला काहीही अडू नये. जिथे मालक एकच असू शकतो, तिथे निदान दूरून नियंत्रणाची परवानगी दुसऱ्याला आधीच देऊन ठेवा. गूगल खात्यासाठी आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड काढून ठेवता येतात आणि ओटीपी न मिळाल्यास त्यांतील प्रत्येक एकदा वापरता येतो. ते छापून पाकिटात घालावेत आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट जिथे ठेवता तिथे ठेवावेत.

हे काम कोणत्या क्रमाने करायचे तेही सांगतो, कारण घाईत लोक स्वतःच बाहेर अडकतात. आधी पत्नीचे खाते जोडा, त्यांना घराबाहेर जायला सांगून मोबाइल डेटावरून कुलूप आणि दिवे चालतात का ते पाहा. ते जमल्यावरच तुमचा पासवर्ड बदला. पासवर्ड बदलला म्हणजे जुने सगळे फोन आपोआप बाहेर पडले असे धरून चालू नका. खाते कुठे कुठे उघडे आहे ती यादी पाहून एकेक उपकरण काढून टाका, त्यात तो टॅबही आला. टॅबसाठी वेगळे खाते करा आणि त्याला दिवे, पंखे, एसी एवढेच दिसू द्या.

एक बारकावा फार थोड्यांच्या लक्षात येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर या समाईक मानकाची पहिली आवृत्ती आली. तिच्यामुळे एकच दिवा किंवा कुलूप एकाच वेळी अनेक कंपन्यांच्या अ‍ॅपांत जोडता येते. प्रत्येक उपकरणाने निदान पाच अशा जोडण्यांना जागा ठेवलीच पाहिजे असा नियम आहे. पत्नीकडे आयफोन आणि तुमच्याकडे अँड्रॉइड असेल तर ही मोठी सोय आहे. परंतु प्रत्येक अ‍ॅपमधली माणसांची यादी स्वतंत्र असते, त्यामुळे एका अ‍ॅपमधून एखाद्याला काढले तरी दुसऱ्यातून त्याचा प्रवेश चालूच राहतो. कुलपाचेही तसेच आहे : अ‍ॅपमधून नाव काढले तरी अनेक कुलपांत त्या माणसाचा ठसा आणि आकडा राहून जातो, तो वेगळा पुसावा लागतो.

वायफायविषयी थोडक्यात. पाहुण्यांना राउटरवरचे गेस्ट नेटवर्क द्या आणि राउटर व कॅमेरा यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड आजच बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, आणि त्याने असेच न बदललेले पासवर्ड वापरले होते.

उत्तर : गिरगावची लेक

वरील तांत्रिक उत्तर मोलाचे आहे. मी कॅमेऱ्याबद्दल आणि तुमच्या बाबांनी विचारलेल्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण त्यातून मी स्वतः गेले आहे.

माझी आई गिरगावात एकटी राहते आणि मी बोरिवलीला असते. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली आणि त्या धास्तीने मी तिच्या खोलीत कॅमेरा बसवला. तिला विचारले होते, ती हो म्हणाली होती. पण लेकीच्या काळजीला आई नाही म्हणत नाही, हे मी ध्यानात घ्यायला हवे होते. महिनाभरात माझ्या लक्षात आले की मी फोनवर बघेन तेव्हा ती नीटनेटकी साडी नेसून खुर्चीत बसलेली असते. पूर्वी ती उकाड्यात जुन्या सुती गाऊनवर, केस मोकळे सोडून, फरशीवर पाय पसरून भाजी निवडत असे. एक दिवस कॅमेऱ्यातून फक्त निळ्या-पांढऱ्या चौकटी दिसू लागल्या. बिघाड समजून मी धावतपळत गेले तर तिने कॅमेऱ्यावर हातरुमाल टाकला होता. मला पाहून तिने तो पटकन काढला आणि धूळ बसू नये म्हणून टाकला, असे म्हणाली. त्या दिवशी मी कॅमेरा उतरवला.

आता तिच्या दाराला एक साधा सेन्सर आहे. ती रोज सकाळी दूध घ्यायला दार उघडते. साडेआठपर्यंत दार उघडले नाही तर मला सूचना येते आणि मी फोन करते. तिने फोन उचलला नाही तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींना फोन जातो, आणि हे तिघींनी मिळून ठरवलेले आहे. मला तिचे चित्र दिसत नाही. ती सुखरूप आहे एवढे समजते आणि तेवढे मला पुरते.

म्हणून तुमच्या पत्नीची नाराजी योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. दोन बेडरूमच्या घरात दिवाणखाना हीच सगळ्यांच्या वावराची जागा असते; तिथे माणसे घरात असताना कॅमेरा चालू असण्याचे काहीच कारण नाही. तो दाराकडे तोंड करून लावावा, सगळे बाहेर गेल्यावरच चालू व्हावा, आणि मुख्य म्हणजे तो बंद करण्याचा स्विच घरातल्या प्रत्येकाच्या हाताशी असावा. अ‍ॅपमध्ये बंद केल्याचा दिवा दिसतो, पण प्लगचा खटका खाली केला की आईलाही खात्री पटते. शयनगृहात कॅमेरा कधीही नसावा. मावशी आणि ताईंना कॅमेरा कुठे आहे, तो केव्हा चालू असतो आणि चित्रण कोण पाहते, हे कामावर येण्याच्या पहिल्या दिवशीच सांगावे.

कायद्याच्या बाजूनेही थोडे सांगते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे घरातल्या माणसांच्या खासगीपणाची राखण मुख्यतः आपल्यालाच करावी लागते. मात्र संमतीशिवाय एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्रण करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दाराबाहेर कॅमेरा लावाल तेव्हा समोरच्यांच्या दारातून त्यांच्या घरातले दिसत नाही ना, हे त्यांना बोलावून, चित्र दाखवून ठरवा. आमच्या इमारतीत याच कारणावरून दोन जुन्या शेजाऱ्यांचे बोलणे बंद झाले आहे.

एसीविषयी आमच्याकडचा नियम असा आहे : खोलीत जो आहे त्याचा शब्द शेवटचा, आणि बाहेरून काही बंद करण्यापूर्वी फोन करून विचारायचे. बाबांच्या खोलीचा एसी तुमच्या अ‍ॅपच्या पहिल्या पानावरून काढून टाका, म्हणजे सहज हात जाणार नाही.

उत्तर : परळचा वायरमन

दोन गोष्टी राहिल्या आहेत त्या सांगतो.

पहिली गोष्ट गिझरची. ३००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर ओढतो आणि २००० वॅटचा जवळपास ९. बाजारात मिळणारे पुष्कळ स्मार्ट प्लग १० अँपिअरचे असतात, ते मोठ्या गिझरला लावले की तापतात आणि त्यांचे प्लास्टिक पिवळे पडू लागते. १६ अँपिअरचाच स्विच हवा. ज्याला नियंत्रण देता त्याला गिझर दूरून चालू करण्याची परवानगी द्यावी का, याचा विचार करा. माझ्या मते दूरून बंद करता यावा, चालू मात्र घरात असलेल्या माणसानेच करावा. अ‍ॅपमध्ये अशी वेगवेगळी परवानगी बहुधा मिळत नाही, म्हणून वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची वेळ लावून ठेवा. शिवाय वीज जाऊन परत आल्यावर स्विचने बंदच राहावे, हे सेटिंग तपासा. अनेक स्विच आधीच्या स्थितीत परत येतात, म्हणजे सगळे बाहेर गेल्यावर वीज आली तर गिझर एकटाच तापत राहील.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या बटणांची. दिव्यांसाठी स्मार्ट बल्बपेक्षा स्विचबोर्डाच्या आत बसणारे मॉड्यूल घ्यावे, कारण त्यात भिंतीवरचे बटणही चालते आणि अ‍ॅपही चालते. स्मार्ट बल्बचे बटण आजीने बंद केले की अ‍ॅपला तो बल्ब सापडत नाही, आणि मग तरुण मंडळी बटणावर चिकटपट्टी लावतात. आजींना त्यांच्याच घरात दिवा लावता येत नाही, असे मी दोन घरांत पाहिले आहे. जुन्या इमारतींतल्या बोर्डांत न्यूट्रल वायर (वीज परत नेणारी तार) अनेकदा पोहोचलेली नसते आणि बहुतेक मॉड्यूलांना ती लागते, म्हणून खरेदीपूर्वी बोर्ड उघडून पाहावा.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली होती आणि लोकलही थांबल्या होत्या, ते सर्वांना आठवत असेल. तुमचे कुलूप सेलवर चालते, त्यामुळे ते वीज गेल्यावरही उघडेल, पण राउटर बंद पडल्यामुळे दूरून काहीच करता येणार नाही. बऱ्याच कुलपांना बाहेरच्या बाजूला तात्पुरती वीज देण्यासाठी ९ व्होल्टच्या सेलची टोके किंवा टाइप-सीचे तोंड असते. ते आईंना एकदा प्रत्यक्ष दाखवून ठेवा. आणि कपाटातली ती किल्ली आजच शेजारच्या काकूंकडे द्या.

प्रश्नकर्ता : गोरेगाव पूर्वेचा रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. किल्ली काल रात्रीच काकूंकडे दिली. पत्नीचे खाते जोडून, तिला खाली बसस्टॉपपर्यंत पाठवून कुलूप उघडून पाहिले आणि मगच पासवर्ड बदलला. खाते कुठे कुठे उघडे आहे ती यादी पाहिली तेव्हा त्यात मी तीन वर्षांपूर्वी विकलेला फोनही दिसला, तो काढून टाकला. कॅमेरा आता दाराकडे वळवला आहे. गिझरचा प्लग १० अँपिअरचाच निघाला, तो उतरवून ठेवला आहे.

दोन शंका उरल्या. ताईंचे बोट भांडी घासून घासून इतके झिजले आहे की कुलूप त्यांचा ठसा घेतच नाही. त्यांना आकडाच द्यावा लागणार, तर तो कसा द्यावा? दुसरी शंका मुलीबद्दल. ती शाळेतून आली की मला सूचना येते. मी ही सूचना चालू ठेवावी का?

उत्तर : विलेपार्ल्याची समुपदेशक

मी कौटुंबिक वादांत समुपदेशन करते, त्यामुळे या विषयाची एक कठीण बाजूही मला दिसते. ती शेवटी लिहिते.

ताईंना त्यांचा स्वतःचा वेगळा आकडा द्या आणि कुलपात सोय असेल तर तो त्यांच्या कामाच्या वारांपुरता आणि वेळेपुरताच चालेल असे करा. त्यांची बहीण येणार असेल तर तिच्यासाठी त्या दिवसापुरता आकडा काढून द्या. बहुतेक कुलपांत एकदाच चालणारा आकडा काढता येतो. हे ताईंना नीट समजावून सांगणे आवश्यक आहे. स्वतंत्र आकड्यामुळे त्यांनाही संरक्षण मिळते, कारण उद्या घरातली एखादी वस्तू सापडली नाही तर त्या दुपारी त्या आल्याच नव्हत्या हे नोंदच सांगते. मात्र त्या नोंदीवरून दहा मिनिटे उशीर झाला म्हणून पगार कापायला सुरुवात केलीत, तर ती नोंद त्यांच्या विरोधात वापरल्यासारखे होईल आणि विश्वास संपेल. असे करणार नाही, हे त्यांना आधीच सांगा. त्यांनी काम सोडले की त्याच दिवशी आकडा पुसा, आणि पुसल्याचे त्यांना कळवा.

मुलीच्या बाबतीत तिलाच विचारा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने आईवडिलांना विचारले होते, "मी कधी येते ते तुम्हाला दिसतं, मग तुम्ही कधी येता ते मला का दिसत नाही?" त्या घरात तिघांनीही एकमेकांच्या येण्याच्या सूचना चालू ठेवल्या आणि वाद मिटला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला तिच्या खोलीतले दिवे, पंखा आणि स्पीकर पूर्णपणे द्यावेत; कुलपात तिचा ठसा असावा, पण नवा माणूस नोंदवण्याचा अधिकार नसावा. तिच्या खोलीतल्या स्पीकरवर बाहेरून अचानक बोलणे सुरू करण्याची सोय असेल तर ती बंद करा.

आता ती कठीण बाजू. घरातल्या दोघांचे पटेनासे होते तेव्हा हीच उपकरणे छळाची साधने होऊ शकतात. घर सोडून गेलेला नवरा दूरून दिवे बंद करतो, कुलपाच्या नोंदींवरून बायको कुठे केव्हा गेली याचा जाब विचारतो, अशा तक्रारी घेऊन बायका माझ्याकडे आल्या आहेत. मुख्य खाते त्याच्याच नावावर असल्यामुळे त्यांना काहीही बंद करता येत नव्हते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळ हाही हिंसाचार मानला आहे, म्हणून अशा घटनांच्या तारखा, वेळा आणि स्क्रीनची छायाचित्रे जपून ठेवावीत. महिलांसाठी १८१ आणि सायबर तक्रारींसाठी १९३० हे मदतीचे क्रमांक आहेत. एक सावधगिरी सांगते : धोका वाटत असेल तर घाईने त्याला सगळीकडून काढून टाकू नये, कारण ते त्याला लगेच कळते आणि राग उफाळू शकतो; आधी सुरक्षित जागी जाऊन, जाणत्या माणसाचा सल्ला घेऊन मग पावले उचलावीत. हे मी तुमच्या घराबद्दल लिहीत नाही. परंतु ही चर्चा वाचणाऱ्यांत अशी एखादी बाई असू शकते, आणि पत्नीलाही प्रशासक करावे या सल्ल्याला माझा इतका आग्रही पाठिंबा का आहे, तेही यावरून स्पष्ट होईल.

घर विकताना किंवा भाड्याने देताना प्रत्येक उपकरण आपल्या खात्यातून काढून कारखान्यातल्या मूळ स्थितीत न्यावे, हेही जोडते. तसे न केल्यास नव्या माणसाला ते स्वतःच्या खात्यावर घेता येत नाही, आणि जुन्या मालकाच्या फोनवर त्याच्या घरातल्या सूचना येत राहतात.

प्रश्नकर्ता : गोरेगाव पूर्वेचा रहिवासी

ताईंना आज दुपारी सगळे समजावले. त्यांनी स्वतःचा आकडा स्वतः निवडला, दोनदा दाबून पाहिला आणि बहिणीला येण्याआधी फोन करायला सांगेन असे म्हणाल्या. मुलीने सूचना चालू ठेवायला होकार दिला, अट एवढीच की माझ्या येण्याची सूचना तिलाही मिळावी. ती लावून दिली. बाबांच्या खोलीचा एसी माझ्या अ‍ॅपमधून काढला आहे. तो आता त्यांच्या रिमोटवर आणि आईच्या फोनवर चालतो. विजेच्या स्विचसाठी वायरमन रविवारी येणार आहेत. न्यूट्रल वायर आहे की नाही ते त्यांनी बोर्ड उघडल्यावर इथेच कळवतो.